गाठी

सस्कॅचेवानच्या या सपाटीवर
कशालाच आडोसा नाही.
कुणाच्या खिडकीत उशिरापर्यंत दिवा आहे,
कुणाची मोटार दवाखान्याकडे वळली,
चार मैलांवरून कळतं.

लारिसा गुडघ्यांवर बसली आहे, वाफा एकतीस.
वाटाण्याचं झाड फावड्यानं मातीसकट उचलायचं,
बादलीत सोडायचं आणि ओढायचं नाही.
थांबायचं. माती आपणहून हात सोडते.
मग चिमट्यानं मुळांवरच्या गाठी मोजायच्या.
त्रेचाळीस. सदतीस.
एका झाडाला नऊच. ते का, ते तिला ठाऊक नाही,
वहीत नऊ लिहिते.
दर पाचवी गाठ नखानं फोडायची:
गुलाबी म्हणजे कामावर,
हिरवट म्हणजे निवृत्त.

कुंपणापलीकडे तेलाचा पंप
मान हलवतो. वर, खाली.
नंदीबैलच तो, नकार शिकलाच नाही.
पोरगी शिकेल का? होय.
शहरात राहील का? होय.
दर मार्चला कंपनीचा धनादेश येई,
आई तो साखरेच्या डब्याखाली ठेवी,
आणि सप्टेंबरात विद्यापीठाची फी भरली जाई.
जमिनीखालचं काळं खाऊन मोठी झालेली ती
जमिनीखालचं गुलाबी मोजत बसली आहे.
प्रबंधात याला रकाना नाही.

पहिल्या वर्षी गारा पडल्या.
दुसऱ्या वर्षी हरणांनी अकरा वाफे खाल्ले, नीट, रांगेनं.
तिसऱ्या वर्षी, वाटाण्यामागून गहू, अर्ध्या खतावर:
एकरी दोन मापं कमी, कुठे तीन,
एका वाफ्यात मात्र एकोणीस.
मार्गदर्शक म्हणाले, हा आकडा फटकून आहे, बघ काय करायचं.
तिनं बघितलं.
एकोणीस तसाच ठेवला.

संध्याकाळी नेस्टर येतो, तिचा बाप,
खिशात घडीचा चाकू, पायात जावयाचे जुने बूट.
चाळीस वर्षं ट्रॅक्टरमागे पांढरी टाकी ओढली त्यानं.
हवेतलंच नत्र, पण गॅस जाळून, दाबून, टाकीत कोंडलेलं.
अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात नळी फुटली.
डोळे वाचले. वास गेला.
तेव्हापासून जळलेला पाव, मांजर, बायकोची उशी,
सगळं त्याला एकसारखं.

ती त्याच्या तळव्यावर एक गाठ ठेवते.
ज्वारीच्या दाण्याएवढी.
तो चाकूनं चिरतो, फार काळजीनं,
जणू आत कुणी झोपलंय.
‘एवढीशी?’
‘एवढीशी. चुलीशिवाय, धुराशिवाय. टाकीचंच काम.’
‘आणि टाकीएवढं?’
लारिसा खोटं बोलत नाही.
‘नाही. अजून तरी नाही. निम्मं म्हण.’

निम्मं, तो स्वतःशी म्हणतो,
मनात बिलाची घडी मोडतो, पुन्हा घालतो.
पंप मान हलवतो. त्याचं काय, तो कुणालाही हलवतो.

मग नेस्टर बादलीवर वाकतो,
नाक मुळांजवळ नेतो, सवयीनं,
आणि तिथेच थांबतो.
‘सांग ना, वास कसा येतो?’

तिच्याकडे नत्राचे टक्के आहेत,
प्रत्येक गाठीचं वजन मिलिग्रॅममध्ये आहे,
तीन हिवाळ्यांचे तक्ते आहेत.
ती बराच वेळ गप्प राहते.
‘आपलं तळघर आठवतं?
एप्रिलमध्ये तू दार उघडायचास
आणि तळाच्या बटाट्यांना कोंब फुटलेले असायचे.
तसा.’

तो मान हलवत नाही.
एक झाड निथळवतो, मुळांसकट रुमालात गुंडाळतो,
सदऱ्याच्या खिशात ठेवतो
आणि घराकडे चालू लागतो.
लारिसा वही उघडते,
वाफा एकतीस, झाडं दहा,
खोडून नऊ करते.